बिनलायसनचे एकोणीस दिवस

आळेफाट्याला टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर माझा दातांचा दवाखाना आहे. खाली टायरमध्ये हवा भरतात, वर मी दातांत सिमेंट भरते. कोणी दवाखाना कुठे म्हणून विचारलं, तर खालचा मिस्त्री मान वर न करता बोट आभाळाकडे दाखवतो. त्यामुळे नव्या पेशंटला जिना चढण्याआधीच थोडी धडकी भरते.

रस्त्याच्या पलीकडे, ओतूरकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथे, पत्र्याच्या आडोशाला दातवाले मामा बसायचे. मामा म्हणजे माझे कोणी नव्हेत, पंचक्रोशीचे मामा. वय पासष्टीच्या पुढचं, पांढरी टोपी, आणि पुढ्यात काचेची एक पेटी. पेटीत गुलाबी हिरड्यांच्या दोन-चार कवळ्या कायम हसत असायच्या. मामांचं शिक्षण सातवी. आजोबा दात बसवायचे, वडील बसवायचे, म्हणून हेही बसवायचे. शिवाय हलणारा दात ते चिमट्याने काढूनही द्यायचे. कायद्याच्या भाषेत याला बोगस म्हणतात. आमच्या भागात त्यांना हातगुण असलेला माणूस म्हणत.

आता लाजेची गोष्ट आधीच सांगून टाकते. माझे वडील, निरगुडसरचे, आयुष्यभर शाळेत शिक्षक, त्यांच्या तोंडातली कवळी मामांच्या हातची होती. मी शिकून आले, दवाखाना टाकला आणि पहिलं काम केलं ते वडिलांना नवी कवळी बसवण्याचं. पाच वेळा बोलावून, मापं घेऊन, चांगल्या लॅबमधून करून आणली. वडिलांनी ती घातली, आरशात पाहिली, माझ्या पाठीवर हात ठेवला. नंतर मला कळलं की ती फक्त लग्नाला आणि फोटोला घालतात. भाकरी खायची मामांच्या कवळीने.

"अगं, तुझी देखणी आहे," ते म्हणाले. "पण त्याची चावते."

त्यामुळे मामांवर माझा राग होता, आणि तो सगळाच काही शास्त्रीय नव्हता.

शास्त्रीय रागाचं कारण घडलं ते येडगावच्या एका मावशींमुळे. त्यांच्या पुढच्या दोन दातांच्या जागी मामांनी दात बसवले होते, पण काढता-घालता येणारे नव्हेत. शेजारच्या दातांना तार गुंडाळून, हिरडीवर थेट गुलाबी मसाला ओतून पक्के केलेले. वर्षभरात खाली सगळं सडलं. मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा गाल लिंबाएवढा सुजलेला आणि अंगात ताप. तो मसाला कापून काढायला मला दोन तास लागले आणि शेजारचे चांगले दोन दात त्यात गेले. मावशी जाताना म्हणाल्या, "त्येंचा काय दोष न्हाई हो, माझंच नशीब."

मी हातमोजे काढले आणि तशीच रस्ता ओलांडून गेले.

"मामा, हे बंद करा," मी म्हटलं. "तुमच्याकडे लायसन नाही. तुम्हाला तोंडात हात घालायचा अधिकार नाही."

मामांनी मला आधी बसायला स्टूल दिलं. मग म्हणाले, "लायसनचं म्हणता व्हय? मिळतच व्हतं की आमाला."

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या आजोबांच्या काळात दातांच्या धंद्याचा कायदा नवा आला होता. त्या वेळी बरीच वर्षं हेच काम करणाऱ्यांना, डिग्री नसली तरी, अनुभवावर नाव नोंदवता येत होतं. आजोबांना निरोप आला होता की अमुक दिवशी पुण्याला या, कागदावर अंगठा द्या.

"मग?"

"त्या दिशी ओतूरचा बाजार व्हता," मामा म्हणाले. "आजा म्हनला, बाजार बुडवून अंगठा द्यायला कोन जातंय. पुढच्या येळंला जाऊ. ती पुढची येळ काय आली न्हाई."

तीन पिढ्या बेकायदा, एका बाजाराच्या दिवसापायी. मी भांडायला गेले होते, हसू आवरून परत आले. मावशींचं मात्र मी त्यांना खडसावून सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. "हिरडीवर वतू नको, असं बाप सांगायचा," एवढंच पुटपुटले.

त्यानंतर काही महिन्यांनी बोगस डॉक्टर शोधणारं पथक आलं. एक अधिकारी, एक कारकून, एक पोलीस. जीप फाट्यावर थांबली. मी खिडकीतून पाहिलं आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता मामांचं काय ते होईल, आणि मला बोट दाखवावं लागणार नाही.

पण पथकाने वर पाहिलं. वर माझी पाटी होती. मोठी, निळी, त्यावर माझं नाव, डिग्री आणि भलामोठा पांढरा दात. पलीकडे मामांची पाटीच नव्हती. पाटीवाला सापडतो, बिनपाटीचा सापडत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

तिघं जिना चढून आले. अधिकारी अतिशय सभ्य होते. त्यांनी कचऱ्याच्या रंगीत पिशव्या पाहिल्या, सुया टाकायचा डबा पाहिला, एक्स-रे मशीनचा परवाना पाहिला. सगळं चोख. मी चहा मागवला. मग ते भिंतीवरच्या चौकटीपाशी गेले, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "मॅडम, नूतनीकरणाचा कागद?"

"तो काय, त्याच चौकटीत आहे."

"ह्याची मुदत संपलीय. अकरा दिवस झाले."

मी पुढे होऊन वाचलं. संपली होती. आम्हा दंतवैद्यांना ठरावीक काळाने नोंदणी पुन्हा करावी लागते, त्यासाठी परिसंवादांना बसून गुण जमवावे लागतात. गुण माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त होते. पुण्यातल्या हॉटेलांतली सगळी भाषणं मी ऐकली होती, दुपारच्या जेवणातल्या पनीरसकट. राहिला होता तो फक्त अर्ज. दरवेळी मोबाइलवर आठवण येते. या वेळी आलीच नव्हती.

"म्हणजे नियमानं," अधिकारी अवघडून म्हणाले, "आज तुम्ही... म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"बोगस," कारकून म्हणाला. तो लिहीतच होता.

अधिकाऱ्यांनी समज दिली, नोंदणी होईपर्यंत दवाखाना बंद ठेवायला सांगितलं आणि चहा पूर्ण पिऊन निघाले. जिन्याच्या पायथ्याशी थांबून त्यांनी विचारलं, "या भागात कोणी बिनडिग्रीचे दातवाले बसतात म्हणे. तुम्हाला काही माहीत?"

आम्ही सगळे खाली आलो होतो. समोर, रस्त्यापलीकडे, मामा बसले होते. काचेच्या पेटीवर टॉवेल, आणि पुढ्यात गणपतीची एक मूर्ती. सोंडेच्या जागी अर्धवट प्लास्टर. मामा एकाग्र होऊन तिला लिंपत होते. पोलीस तिकडे गेला, वाकून पाहिलं, "काय चाललंय?" म्हणाला.

"सोंड मोडलीया द्येवाची. बसवतोय," मामा म्हणाले.

पोलिसाने नमस्कार केला आणि परत आला. हा गणपती बारा महिने दुरुस्तीत असतो हे फाट्यावरच्या प्रत्येक टपरीवाल्याला ठाऊक होतं. जीप दिसली की मामा त्याची सोंड काढून पुन्हा बसवायला घेत.

मी काय उत्तर दिलं? "बघते, कळलं तर सांगीन," असं म्हटलं. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता. स्वतःच बोगस ठरून दहा मिनिटं झालेली नसताना दुसऱ्याकडे बोट दाखवायला हात उचलला नाही, इतकंच.

दवाखान्याला कुलूप लावलं. तरी रोज मी वर जाऊन बसत होते, कारण अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. सगळी माहिती भरली, कागद जोडले, आणि शेवटच्या पायरीवर आलं: तुमच्या नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. नोंदलेला मोबाइल म्हणजे कॉलेजातला माझा जुना नंबर. तो मी बंद करून चार वर्षं झाली होती.

मी त्या नंबरला फोन लावला. उचलला गेला. मागे कसला तरी लिलाव चालला होता.

"नमस्कार भाऊ, मी आळेफाट्यावरून बोलतेय, दातांची डॉक्टर. तुमच्या मोबाइलवर आता एक ओटीपी आला असेल..."

"ठिव फोन," पलीकडचा आवाज म्हणाला. "बँकेनं सांगितलंय. ओटीपी सख्ख्या भावालाबी द्यायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. त्यांनी मला पोलिसांत देण्याचं आश्वासन दिलं. तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला येऊन विचारलं, "भाऊ, तुम्ही असता कुठे? मी समोर येते." ते नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात व्यापारी होते.

याच दिवसांत मामांचा दात दुखायला लागला. मला कळलं ते असं की एक दिवस ते उपरणं गालाला बांधून माझ्या बंद दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले. एक विचित्र गोष्ट सांगायची राहिली. फाट्यावर निम्म्या लोकांच्या तोंडात मामांनी केलेले दात होते, पण खुद्द मामांच्या तोंडात सगळे स्वतःचे होते. त्यातली खालची दाढ आता किडून फुगली होती.

"डॉक्टरीणबाई, लायसन झालं का?"

"नाही अजून. पण या ना आत, निदान बघते तरी."

मामांनी मान हलवली. "न्हाई. बिनलायसनच्या हातात मी त्वांड देनार न्हाई."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण डोळ्यांत ठणक्याचं पाणी होतं आणि चेहरा गंभीर.

"मामा, तुम्ही स्वतः..."

"म्हनूनच," ते म्हणाले.

मी त्यांना नारायणगावच्या किंवा मंचरच्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथले डॉक्टर त्यांना ओळखतात, म्हणाले. दाढ बघायच्या आधी हसतील. मग मी म्हटलं, तुमच्याच धंद्यातले दुसरे आहेत, जुन्नरच्या बाजारात बसतात, त्यांच्याकडून काढून घ्या.

मामा दचकलेच. "त्येंच्याकडनं? त्येंचे हात मला म्हाईत हायेत!"

मी त्यांना दुखणं कमी करायच्या गोळीचं नाव सांगणार होते, पण तेही औषध लिहून देणंच झालं. मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, एवढं मी शेजारीण म्हणून सांगितलं. रोज सकाळी ते यायचे, पायरीवर बसायचे, विचारायचे, "आलं का?" मी म्हणायचे, "नाही." खालचा मिस्त्री म्हणाला, "मॅडम, दवाखाना चालू व्हता तवा येवढी नियमित गर्दी नव्हती."

शेवटी मी चौकट भिंतीवरून उतरवली, साडीच्या पिशवीत गुंडाळली आणि नारायणगावला गेले. बाजारात क्रेटांच्या थप्प्यांमधून वाट काढत त्या व्यापाऱ्यापर्यंत पोचले. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, खुर्चीत बसून हिशेबनिसावर ओरडत होता. मी ओळख सांगून चौकट पुढे धरली. त्याने ती मागूनपुढून पाहिली. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"फोटोत बारीक हायसा," तो म्हणाला.

"तेव्हाचा आहे."

"बरं. मग एक काम करा. ही माझी दाढ बघून सांगा, काय झालंय. म्हंजे पटंल तुमी डॉक्टर हाय." आणि त्याने तिथेच, टोमॅटोंच्या मधोमध, आ केला.

"भाऊ, मी आत्ता तोंडात बघू शकत नाही. माझं लायसन संपलंय. ते चालू करायलाच तर ओटीपी पाहिजे."

त्याने तोंड मिटलं. "म्हंजे तुमी आत्ता डॉक्टर न्हाई."

"आत्ता नाही."

"मग मी ओटीपी कुनाला देतोय?"

मी रिकाम्या क्रेटवर बसले. माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. त्याने चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्याला काहीतरी आठवलं.

"लायसन संपतंय, लायसन संपतंय, असले मेसेज यायचे बरं का मला. तीन आलते. ते तुमचे व्हते का?"

"हो!"

"आरं तिच्या," तो म्हणाला. "मला वाटलं गाडीचं. मी मुद्दाम पुन्याला जाऊन गाडीचं लायसन रिन्यू करून आलो. तिथला सायेब म्हनला, पाव्हनं, तुमचं अजून पाच वर्सं चालतंय. मी म्हनलं, असूंद्या, सरकार सांगतंय तर करून टाका."

आम्ही दोघंही इतके हसलो की हिशेबनीस उठून बघायला आला. मग मी मोबाइलवर अर्ज उघडला, त्याच्या मोबाइलवर आकडे आले, आणि त्याने ते एकेक करून, डाव्या हाताने पडदा झाकत, माझ्या कानात सांगितले. तेवढ्या गोंगाटात कोण ऐकणार होतं, पण बँकेने सांगितलं होतं. लगेच मी नंबरही बदलून घेतला. निघताना त्याने दोन किलो टोमॅटो दिले आणि दाढ घेऊन येतो म्हणाला.

नोंदणीचा कागद आला तो दवाखाना बंद केल्याच्या एकोणिसाव्या दिवशी. मी तो छापून जिना उतरले तेव्हा मामा पायरीवरच होते. त्यांनी कागद हातात घेतला, शिक्का बोटाने चाचपला, तारीख वाचायला लावली आणि मगच उठले.

खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी आ केला. मी त्यांच्या हातात फॉर्म दिला.

"ह्ये काय?"

"नियम आहे. प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची, सही घ्यायची. साखर आहे? ब्लडप्रेशर? हृदयाचं काही?"

"दाढ दुखतीया आन तुमी काळजाचं इचारता?"

"मामा, सांगा. गोळ्या कसल्या चालू आहेत?"

बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी प्लास्टिकची पुडी काढली आणि माझ्या ट्रेवर ठेवली. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयाचा त्रास झाला होता, मंचरला नेलं होतं, मग पुण्यात नळीत स्प्रिंग बसवली होती. घरच्यांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. काळीज अधू असलेल्या माणसाच्या हातात कोण जबडा देईल, म्हणून. पुडीत रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या होत्या, रोजच्या.

मी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळ्या बंद करू नका, दाढ काढा, पण टाके घाला आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत सोडू नका. तसंच केलं. दाढ निघाली पटकन, रक्त मात्र थांबता थांबेना. टाके, बोळा, दाबून धरा, नवा बोळा. तासाभराने थांबलं. तो तासभर मामा तोंड मिटून बसले होते. फाट्यावरचे लोक जिन्यातून डोकावून जात होते, कारण मामा इतका वेळ गप्प ही गोष्ट बघण्यासारखीच होती.

दुसऱ्या दिवशी ते दाखवायला आले. जखम छान होती. तरी उठेनात.

"एक इचारू? ह्या गोळ्यावाल्याची दाढ कुनी बाजारात, स्टुलावर बसवून काढली असती तर?"

"सांगता येत नाही, मामा. कदाचित काही झालं नसतं. कदाचित घरी जाऊन रात्रभर वाहिलं असतं."

ते हाताकडे बघत राहिले. "माझ्याकडं येनारी समदी म्हातारीच," ते म्हणाले. "किती जनांच्या खिशात अशी पुडी असंल. मी कुनाला कदी इचारलंच न्हाई. आज्यानं इचारलं न्हाई, बापानं न्हाई. चिमटा तापवायचा आन वढायचा."

त्यांना चांगलं खडसावायची मी किती दिवस वाट पाहिली होती, आणि ती वेळ आली तेव्हा मला नुसतं पाणी हवंय का एवढंच विचारावंसं वाटलं.

ते लगेच सुधारले असं नाही. पुढचे दोन बाजार ते बसले, पण गिऱ्हाईक आलं की आधी विचारायला लागले: साखर हाय का, काळजाची गोळी हाय का, कितवी हाय. लोक घाबरले. एक जण म्हणाला, "मामा, दात काढताय का मयताचा दाखला देताय?" ज्याच्या खिशात पुडी निघे त्याला ते रस्ता ओलांडून माझ्याकडे धाडत. तिसऱ्या बाजाराला त्यांनी चिमटा आणलाच नाही.

राहिला प्रश्न कवळ्यांचा. मामांची कवळी चावते हे माझे वडील सांगत होते ते खरंच होतं. दात बसवताना ते माणसाला भाकरीचा तुकडा खायला लावत आणि बघत जबडा कुठे फिरतो ते. आमच्या लॅबमध्ये हे कोणी करत नाही. पण कायद्याने नुसत्या कवळ्या बनवणाऱ्याचीही नोंदणी लागते. त्यासाठी कोर्स, आणि कोर्ससाठी बारावी सायन्स. सातवी पास मामा त्यात बसत नव्हते.

बसत होती त्यांची सून. बारावी सायन्स झालेली, लग्नानंतर घरी बसलेली. मामा स्वतः तिला घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हिचा फारम भरा." ती म्हणाली, "मामंजी, मला इचारलं का कुणी?" मग मी विचारलं. तिने दोन मिनिटं विचार केला आणि विचारलं की कोर्सला रोज जावं लागेल का. रोज जावं लागेल, म्हटल्यावर लगेच हो म्हणाली.

दोन वर्षं ती पुण्याला राहून शिकली. आता तिची नोंदणी आहे आणि पत्र्याच्या आडोशाच्या जागी पक्का गाळा आहे. मी मापं घेते, ती कवळ्या बनवते, तोंडात हात माझ्याशिवाय कोणी घालत नाही. मामा तिथेच बसतात. भाकरीचा तुकडा घेऊन माझ्या दवाखान्यात येतात, पेशंटला चावायला लावतात, लांबून बघतात आणि सुनेला जाऊन सांगतात की डावीकडं जरा उतरव. सून त्यांना मास्क आणि हातमोजे घालायला लावते. "गिऱ्हाईक वळखत न्हाई मला," अशी त्यांची तक्रार असते. माझे वडील तिच्या हातची कवळी लग्नालाही घालतात आणि भाकरीलाही.

परवा घाईत मी तिला फोन केला. म्हटलं, खालची एक कवळी करून ठेव, माप पाठवतेय, रंग दोन नंबरचा.

"चिठ्ठी पाठवा मॅडम," ती म्हणाली. "सही आणि नोंदणी नंबर घालून."

"अगं, समोरच तर आहेस. मीच बोलतेय ना!"

"फोनवर चालत नाही. डॉक्टरच्या लेखी चिठ्ठीशिवाय काम घ्यायचं नाही, नियम आहे." मागून मामांचं हसणं ऐकू आलं.

मी चिठ्ठी लिहिली, सही केली, नंबर घातला, आणि भर उन्हात रस्ता ओलांडून तिला देऊन आले. तिने ती वाचली, तारीख घालायची राहिलीय म्हणाली, आणि पेन पुढे केलं.